साक्ष देण्याआधी : उन्हाळी मिशनयात्रेबद्दल मंडळीच्या मिशन समितीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि मिशन समितीच्या सर्व सन्माननीय सभासदांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या मे महिन्यात आपल्या मंडळीने नेपाळला पाठवलेल्या अकरा तरुणांच्या चमूत मी होते. परतल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्हा सर्वांना उपासनेत साक्ष द्यायची होती, म्हणजे आपला अनुभव मंडळीसमोर सांगायचा होता, आणि त्या दिवशी ताप आल्याचे सांगून मी घरी राहिले. ताप आलेला नव्हता. पडद्यावर दाखवायच्या छायाचित्रांमध्ये माझी तीन होती आणि त्यांतल्या एकाही छायाचित्राबद्दल मंडळीसमोर उभी राहून मला खरे बोलता आले नसते. त्या खोटेपणाबद्दल आधी आपली क्षमा मागते, आणि त्या दिवशी राहिलेली साक्ष आज लेखी देते.

हे पत्र केवळ समितीच्या वहीत न राहता सर्वांना वाचता यावे, असे मला वाटते. पुढच्या मे महिन्याच्या चमूसाठी नावे घेणे सुरू झाले आहे, अहिल्यानगर, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या आणखी काही मंडळ्यांनीही अशाच यात्रा ठरवल्याचे कानावर येते, आणि जाणाऱ्या मुलामुलींना आमच्या चमूकडून आतापर्यंत फक्त हसरे चेहरे पाहायला मिळाले आहेत. ज्या संस्थेने आमची व्यवस्था पाहिली तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिच्याशी माझे भांडण नाही. जे घडले त्यात मी स्वतः हौसेने सामील होते.

आमचा मार्ग आपल्याला ठाऊक आहेच. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमेवरच्या कमानीखालून चालत नेपाळातले भैरहवा, पुढे बुटवल आणि मग सिद्धार्थ राजमार्गाच्या वळणांनी पाल्पा जिल्ह्यातले तानसेन. तानसेनच्या पुढच्या एका गावात आम्ही सहा दिवस राहिलो, त्यानंतर पोखऱ्यात चार दिवस, आणि बाकीचे दिवस प्रवासात गेले. सीमेवर आम्हा भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते, त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत हे निम्म्या मुलांच्या लक्षातच आले नाही. पाट्या देवनागरीत होत्या, देवळे ओळखीची वाटत होती. मला तर सगळे वाचता येत होते. एका इमारतीवर ‘शिक्षा कार्यालय’ असे लिहिलेले पाहून आम्ही खो खो हसलो, कारण मराठी माणसाला ती शिक्षा फार वेगळी वाटते. या वाचता येण्यानेच आमची फसगत केली. गावातल्या उपासनेत मला नेपाळी पवित्र शास्त्रातून एक उतारा वाचायला सांगितला गेला. मी तो स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचला, लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या, आणि मी काय वाचले हे मला त्यातल्या चार-पाच शब्दांपलीकडे कळलेले नव्हते. एखाद्या पोपटाला मंडळीने सभासद करून घ्यावे, तशी माझी अवस्था होती.

ती उपासना शनिवारी होती. नेपाळात आठवड्याची सुटी शनिवारी असते, त्यामुळे तिथल्या बहुतेक मंडळ्या शनिवारीच जमतात. २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंपही शनिवारीच, दुपारी बाराला चार मिनिटे असताना झाला आणि कितीतरी विश्वासी उपासनेत बसलेले असतानाच गाडले गेले. हे आम्हाला तिथे गेल्यावर, तेही एका म्हाताऱ्या बाईने रडत रडत हिंदीत सांगितल्यावर कळले. तोपर्यंत आमच्या कार्यक्रमपत्रिकेत शनिवारी ‘स्थलदर्शन’ आणि रविवारी ‘उपासना’ असे छापलेले होते. ती पत्रिका इथे तयार झाली होती आणि ज्यांच्या घरी आम्ही जाणार होतो त्यांना ती आधी कुणी दाखवलेली नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

शाळेचेही तसेच. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून ही गोष्ट मला अधिक लागली. मे महिना आपल्या सुटीचा. नेपाळचे शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मुलांना नवी पुस्तके मिळून जेमतेम महिना झाला होता. आम्ही तर ‘सुट्टीतील बायबल शाळा’ घ्यायला गेलो होतो, जिला आपण सगळे व्हीबीएस म्हणतो. सुट्टी आमची होती, त्यांची नव्हती. पाहुणे दुरून आले आहेत म्हणून पहिल्या दिवशी चाळीस-बेचाळीस मुलांना शाळा बुडवून आमच्यासमोर बसवण्यात आले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी तिथल्या पाळकांना विचारले, तेव्हा ते संकोचाने म्हणाले की मास्तर थोडे रागावले आहेत, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आमच्या वर्गात कुणी तीन दिवस हजेरी बुडवली तर मी पालकांना बोलावून घेते. मोठ्यांचेही काम आम्ही अडवलेच होते. डोंगरउतारावरच्या मक्याच्या खुरपणीचे ते दिवस. आम्हाला दोन वेळचा डाळभात रांधून घालण्यासाठी तीन घरच्या बायका शेतावर गेल्या नाहीत. आम्ही ‘सेवा’ करायला गेलो होतो आणि सहा दिवस सेवा करून घेत होतो.

बुटवलच्या बसस्थानकावर जे केले ते मला सर्वांत जास्त टोचते, म्हणून ते सविस्तर लिहिते. आमच्या पिशव्यांमध्ये हिंदी आणि नेपाळी सुवार्तापत्रिका होत्या. सीमेवर कुणी विचारले तर फिरायला आलो आहोत असे सांगायचे, अशी सूचना आम्हाला मिळाली होती. ख्रिस्ताची साक्ष द्यायला निघालेल्यांनी पहिलेच वाक्य खोटे बोलायचे, यात विसंगती आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाही सुचले नाही. उलट आपण बायबलमधली प्रेषितांची कृत्ये जगत आहोत, असा रोमांच वाटत होता. बसस्थानकावर आम्ही पंधरा-वीस मिनिटांत त्या पत्रिका वाटल्या आणि तानसेनच्या बसमध्ये चढलो.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचे २६ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते आणि त्याच कलमात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या अपराध संहितेच्या १५८ व्या कलमानुसार धर्मांतर करणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत त्याची देशाबाहेर रवानगी होते. हा कायदा न्याय्य आहे असे मला वाटत नाही. पण न्याय्य नसलेल्या कायद्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आम्ही पंधरा दिवसांत परत आलो. ऑगस्टमध्ये त्या गावच्या पाळकांचा मला फोन आला. आमच्या भेटीबद्दल चौकशी करण्यासाठी त्यांना दोनदा पोलीस चौकीत बोलावले होते. कोण आले होते, कुणी बोलावले होते, पैसे कुणी दिले. गुन्हा दाखल झाला नाही, देवाची कृपा. ते तक्रार करत नव्हते. पुढच्या वेळी पत्रिका आणू नका, एवढेच नम्रपणे सांगत होते. ज्यांनी आम्हाला जेवू घातले त्यांच्याच दारात आम्ही पोलीस पाठवले होते. प्रेषितांच्या कृत्यांत तुरुंगात पौल स्वतः जातो, ज्याच्या घरी उतरला त्याला पाठवून आपण पुढच्या गलबतात बसत नाही.

आता पोखऱ्याच्या बालगृहाबद्दल. माझी तीन छायाचित्रे तिथलीच आहेत. सव्वीस मुले, स्वच्छ इमारत, आणि आम्ही आत शिरताच धावत येऊन कमरेला मिठ्या मारणारे हात. आमच्यातल्या बहुतेकांच्या साक्षीत ‘त्या अनाथ लेकरांचे निर्मळ प्रेम’ हा उल्लेख आला, असे मी नंतर ऐकले. एक सहा-सात वर्षांची मुलगी चारही दिवस माझी ओढणी धरून होती. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितले, “आमा गाउँमा हुनुहुन्छ.” एवढे नेपाळी तोवर मला कळू लागले होते. आई गावी आहे. आम्ही निघालो तेव्हा ती रडली, मीही रडले, आणि त्या क्षणाचे छायाचित्र कुणीतरी टिपले. मी शिक्षिका आहे. अनोळखी माणसाला पाच मिनिटांत बिलगणारे मूल आनंदी असतेच असे नाही, हे मला प्रशिक्षणात शिकवले गेले होते. दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येतो, माया लावतो आणि निघून जातो. त्या मुलीने आतापर्यंत किती जणांच्या ओढण्या धरल्या असतील?

ते बालगृह वाईट आहे असा आरोप मी करत नाही. चार दिवसांत तो करण्याइतके मला काहीच समजले नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. परत आल्यावर मी वाचू लागले. नेपाळात काही वर्षांपूर्वी पंचाहत्तर जिल्हे होते, आणि मुलांच्या नोंदणीकृत गृहांपैकी सुमारे नव्वद टक्के गृहे त्यांतल्या फक्त पाच जिल्ह्यांत होती : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येते तो कास्की. अनाथ मुले काही नेमकी पर्यटक जिथे उतरतात तिथेच जन्माला येत नाहीत. त्या गृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हेही अनेक वर्षांपासून सांगितले जात आहे. दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतल्या गरीब आईबापांना चांगल्या शाळेचे आमिष दाखवून मुले शहरात आणली जातात, आणि पाहणारे, देणगी देणारे पाहुणे येत राहतात म्हणून ती तिथे ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची ही ने-आण मानवी तस्करीचाच एक प्रकार म्हणून तिथे चर्चिली गेली. आपल्या मंडळीच्या यात्रेत बालगृहाची भेट ‘सर्वांत हृदयस्पर्शी भाग’ म्हणून छापलेली असते. ती पुढच्या वर्षी नसावी, आणि याबाबतीत मला तडजोड सुचत नाही.

हे सगळे मला इतके का लागले, याचे एक कारण माझ्या लहानपणात आहे. मी जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगमध्ये वाढले. आमच्याकडेही उन्हाळ्यात परदेशी तरुणांचे चमू येत. त्यांचा उन्हाळा जून-जुलैत, म्हणजे आमची शाळा नुकती सुरू झालेली असे आणि अंगणात चिखल असे. ते बाहुल्यांचे खेळ करत, मोठमोठी इंग्रजी वाक्ये बोलत, आणि आमचे रेक्टर सर त्या दहा वाक्यांचे “येशू तुमच्यावर प्रीती करतो, आता टाळ्या वाजवा” असे एका वाक्यात भाषांतर करत. आम्ही जोरात टाळ्या वाजवत असू. पाहुण्यांना वाटे, केवढा परिणाम झाला! एका ताईने माझा पत्ता लिहून घेतला होता. मी तिसरीत होते. त्यानंतरचे सहा महिने पोस्टमन फाटकाशी आला की मी वर्गाच्या खिडकीतून मान काढून पाहत असे. ती वाईट नव्हती. विसरली असेल, परीक्षा असतील, पत्ता हरवला असेल. पोखऱ्याच्या त्या मुलीने माझा फोन नंबर मागितला तेव्हा मी तो दिला नाही, आणि तो न देणेच योग्य असे आम्हाला बजावलेही होते. पण पत्राची वाट पाहणारी आणि पत्र न लिहिणारी, अशा दोन्ही बाजूंना मी आता उभी राहून आले आहे.

समितीतील ज्येष्ठ सभासद यावर काय म्हणतील ते मी घरी माझ्या मामांच्या तोंडून ऐकले आहे. मिशनरी आले नसते तर आपण कुठे असतो? हा प्रश्न मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते. हॉल राहिले, मराठी शिकले, बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी झटले, आणि १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतल्या एका खेड्यात पटकीने गेले. तेरा वर्षे. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, १८३९ पासून अहमदनगरला होत्या, आणि १८६२ मध्ये इथेच त्यांचा मृत्यू झाला. पस्तीस वर्षे. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपली शाळा काढली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या कामावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती झालीही आहे. पण त्यांच्या नावाने पंधरा दिवसांच्या सहलीचे समर्थन करता येत नाही.

मामांनी मग वेल्लोरचे रुग्णालय उभारणाऱ्या अमेरिकन डॉक्टर आयडा स्कडर यांचे नाव काढले : त्याही थोड्याच दिवसांसाठी आल्या होत्या ना? खरे आहे. १८९० मध्ये आजारी आईच्या शुश्रूषेसाठी त्या तिंडिवनमला आल्या, मिशनरी व्हायचे नाही असे ठरवूनच. एका रात्री तीन वेगवेगळ्या घरांतले पुरुष बाळंतपणात अडलेल्या आपापल्या बायकांसाठी मदत मागायला आले. पुरुष डॉक्टर त्यांना चालणार नव्हता, आयडा डॉक्टर नव्हत्या, आणि तिन्ही बायका दगावल्या. मामा गोष्ट इथे संपवतात. ती पुढे आहे. त्या रात्रीनंतर त्यांनी लगेच बायकांची बाळंतपणे करायला सुरुवात केली नाही. त्या अमेरिकेला परत गेल्या, वैद्यकाचा अभ्यास करून १८९९ मध्ये कॉर्नेलमधून पदवी घेतली, आणि १९०० साली वेल्लोरला परतल्या. आपल्याला काही येत नाही हे कळायला एक रात्र पुरली. ते यायला वर्षे लागली. आपला चमू पहिल्या रात्रीच औषधांची पेटी उघडून बसतो. (आम्ही खरोखरच ‘आरोग्य शिबिर’ घेतले. त्यात डॉक्टर नव्हता. तानसेनला १९५४ पासून मिशनचे रुग्णालय आहे, आणि आम्ही तिथून जवळच क्रोसिनच्या गोळ्या वाटत होतो.)

त्या रुग्णालयाची गोष्टही समितीने वाचावी. १९५१ पर्यंत नेपाळ बाहेरच्यांना बंदच होता. पवित्र शास्त्राचे नेपाळी भाषांतर दार्जिलिंगला, गंगाप्रसाद प्रधान या नेपाळी पाळकाच्या परिश्रमातून १९१४ मध्ये पूर्ण झाले. दारे उघडण्याच्या सुमारास रॉबर्ट फ्लेमिंग हे मसुरीच्या शाळेतले अमेरिकन शिक्षक पक्ष्यांचे नमुने गोळा करायला पाल्प्यात गेले; पुढे त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल यांनी तिथे रोगी तपासले; आणि तानसेनच्या लोकांनी आपल्याला दवाखाना हवा असे म्हटले, सरकारने परवानगी दिली, तेव्हा १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन झाले. परवानगीत धर्मप्रचार न करण्याची अट होती. ती मिशनने स्वीकारली. सुवार्ता नेपाळी माणसांनी नेपाळी माणसांना सांगितली, कित्येकांनी त्यापायी कैद सोसली, आणि आज तिथल्या २०२१ च्या जनगणनेत पावणेदोन टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. त्या मंडळीला सुवार्ता सांगायला आम्ही अहिल्यानगरहून गेलो होतो.

पैशाचे लिहायला मला अवघड वाटते, कारण ते मंडळीच्या बायकांनी कापणीच्या सणाला पापड-लोणची विकून जमवले होते. प्रत्येकी साडेचौदा हजार, अकरा जणांचे एक लाख एकोणसाठ हजार पाचशे. आमच्या यजमान मंडळीच्या प्रार्थनागृहाचे पत्रे वादळात उडालेले होते आणि त्यावर ताडपत्री होती. आम्ही त्या ताडपत्रीखाली बसून गाणी शिकवली. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अमेरिकेहून आलेल्या चमूंनी घरे बांधली, त्याचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी केला होता. स्थानिक माणसांनी सुमारे दोन हजार डॉलरांत बांधलेल्या घरासारखेच घर पाहुण्यांच्या हातून, विमानभाड्यासकट, सुमारे तीस हजार डॉलरांना पडले होते. ज्यांना घरे मिळाली त्यांना विचारले तेव्हा, त्या पैशांत आणखी घरे झाली असती तर बरे, असे उत्तर आले. याचा अर्थ सगळे पैसे पाठवून द्यावेत आणि आपण घरी बसावे, असा मी काढत नाही. नुसते पैसे पाठवणे ही यजमानांना न भेटण्याची आणखी एक सोय आहे. पण पत्र्यांचा खर्च किती येईल, हे आमच्यापैकी कुणी विचारलेसुद्धा नाही.

काही चांगलेही घडले, ते न सांगणे अन्यायाचे होईल. आमच्यातला एक मुलगा परत आल्यावर नर्सिंगला गेला. मला तिथली एक मैत्रीण मिळाली, पाळकांची धाकटी बहीण, जिने मला पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, घेऊन, कपाळावरच्या पट्ट्याने तोल सांभाळत चढ कसा चढायचा ते शिकवले आणि माझी फजिती पाहून पोट धरून हसली. सहा दिवसांत मी कुणाच्या तरी कामाची ठरले असेन तर त्या अर्ध्या तासात, करमणूक म्हणून. निघताना तिने विचारले, “फेरि कहिले आउनुहुन्छ?” पुन्हा कधी येणार? माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण पुढच्या वर्षी चमू थायलंडला जाणार असे आमचे पुढारी बसमध्येच बोलत होते. १९१० मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या दक्षिण भारतातल्या पाळकांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना उद्देशून म्हटले होते की तुम्ही आपले धन दिलेत, आपली शरीरे दिलीत, आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. आपण हिंदुस्थानी ख्रिस्ती हे वाक्य शंभरांहून अधिक वर्षे अभिमानाने सांगत आलो आहोत. ते ऐकून घ्यायची पाळी या वेळी आपल्यावर आली, आणि आपण पुढच्या वर्षीचा देश बदलला.

म्हणून माझी समितीला विनंती अशी आहे की येत्या मे महिन्यात कुणालाही कुठेही पाठवू नये. त्याऐवजी, पाल्प्याच्या त्या मंडळीला सोयीचे असेल तेव्हा, तिथल्या चार-पाच तरुणांना महिनाभर आपल्याकडे बोलवावे आणि आपल्या घरी ठेवावे. त्यांना जामखेडला नेता येईल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सुरू केलेल्या कामात अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायका आरोग्यसेविका झाल्या, आणि आज जगभरचे डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला येतात. परदेशातून येणाऱ्याने शिकायला यावे, ही पद्धत आपल्याच जिल्ह्यात अनेक वर्षे चालू आहे. नेपाळचे तरुण परत गेल्यावर, त्यांनी बोलावले तर आणि त्यांनी सांगितलेल्या कामासाठी, आपल्यातले दोघे-तिघे जावेत. अकरा जण नव्हे. ते त्याच गावी जावेत, पुन्हा जावेत, बालगृहात पाऊल ठेवू नये, आणि सीमेवर खरे बोलावे. खर्चाचा हिशेब यजमान मंडळीलाही पाठवावा. पत्र्यांबद्दल मी त्यांना विचारले आहे. आकडा आला की समितीला कळवीन.

जाणाऱ्यांनी निदान सहा महिने नेपाळी शिकलेली असावी, ही अट मात्र मी आग्रहाने घालते. इथे शिकवणार कोण, असे कुणी म्हणेल. परत आल्यावर जूनमध्ये एका रात्री आपल्या कंपाउंडमधली शिट्टी आणि काठीचा आवाज ऐकून मला जाग आली. बारा वर्षे मी तो आवाज ऐकत आले आहे. पहिल्या तारखेला येऊन पन्नास रुपये घेऊन जाणारा तो ‘गुरखा’ अछामचा आहे, नेपाळच्या दूर पश्चिमेचा, आणि त्याचे नाव आपल्या कंपाउंडमधल्या एकाही घराला ठाऊक नव्हते, माझ्यासुद्धा. त्याच्या गावचे निम्मे पुरुष पुण्या-मुंबईकडे असतात, असे तो सांगतो. त्याची बायको तिकडे आहे, मोठी मुलगी दहावीला आहे. आता मी त्याच्याशी मोडके नेपाळी बोलते, आणि तो माझे व्याकरण फार गंभीरपणे सुधारतो. तो ख्रिस्ती नाही आणि होण्याबद्दल आमचे बोलणे झालेले नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात, रात्रपाळीआधी, तो शिकवायला तयार आहे. मोबदला त्याने मागितला नाही. तो द्यावा असे मला वाटते, आणि शिकवणीचे पैसे चौकीदारीच्या पैशांपेक्षा वेगळे, मास्तरांना देतात तसे द्यावेत. सात जणांनी नावे दिली आहेत, त्यांत गेल्या वर्षीच्या चमूतले चौघे आहेत. आम्हाला फक्त शब्बाथ शाळेच्या खोलीची किल्ली हवी आहे, आणि ती समितीच्या चिटणीसांकडे असते. येत्या रविवारी उपासनेनंतर मी ती मागायला येईन.

आपली नम्र,
गेल्या मे महिन्यातील चमूतील एक सभासद